खडकुलीचा उघडा नगारा

त्याला हात लावू नका, पाव्हनं. आन् त्यात पैसंबी टाकू नका. लोकं येत्यात, देवळाच्या दारात येवढं थोरलं तांब्याचं भांडं बघत्यात आन् दानपेटी समजून नाणी टाकत्यात. मागल्या म्हैन्यात एका बाईनं त्यात चपला ठिवल्या व्हत्या. मी तिला काय बोललो ते इथं सांगत न्हाई, भैरोबा ऐकतोय.

ह्यो नगारा हाय. खडकुलीच्या भैरोबाचा. तोंडावर चामडं न्हाई म्हनून वळखू येत न्हाई, येवढंच. वाकून बघा, भवतीनं कड्या दिसत्यात का? त्या कड्यांत चामड्याची वादी आवळायची आन् वर रेड्याचं कातडं तानायचं. वाजला की ह्येचा आवाज समोरच्या डोंगरावर, पार त्या बसक्या धोंड्यापातुर जायाचा म्हनं. धोंडा दिसला का? तिकडं न्हाई, त्या उंबराच्या वरल्या अंगाला. मानूस गुडघं पोटाशी घिऊन बसल्यावानी. तोंड हिकडं, देवळाकडं. त्याला आमी सरनाईक म्हंतो.

फाट्यावरचा बोर्ड वाचलाच असंल तुमी. 'क्रांतिवीर सटवाजी सरनाईक यांची भूमी'. आन् त्या बोर्डावर कुनीतरी डांबर फासलंय, तेबी बघितलं असंल. लिवनारा आन् फासनारा, दोघंबी माझ्या वळखीचं हायत. दोघंबी बिनडोक. बसा पायरीवर. सांगतो. ही गोष्ट मला माझ्या आईनं सांगितली, तिला तिच्या सासूनं. आमच्या घरात ती बाईकडनं बाईकडंच जाती. मी आपला चुलीम्होरं बसून ऐकल्याली.

असं सांगत्यात, पेशवाई बुडाली आन् इंग्रेज नवा नवा ह्या खोऱ्यात आला, तवाची ही गोष्ट. ह्या डोंगराच्या माथ्यावर गड हाय, आता नुसती दगडं पडल्याती. त्या गडाची राखन सरनाईकाच्या घरान्याकडं. गोऱ्यानं गडाचा दरवाजा सुरुंग लावून उडवला आन् राखनदारांना सांगितलं, जावा घरी, आता तुमचं काम न्हाई. सगळी गेली. सटवाजी सरनाईक तेवढा गेला न्हाई. त्यो रानात शिरला. संगं त्येचा धाकला भाऊ मालोजी आन् चार इमानाची मानसं. मग चाराची चाळीस झाली. गोऱ्याची चौकी जाळायची, खजिना लुटायचा, आन् पाठलाग सुरू झाला की धुक्यावानी डोंगरात न्हाईसं व्हायचं. इंग्रेज त्याला दरवडेखोर म्हनायचा. आमी लढाई म्हंतो. आपला मुलूख आपल्याला माघारी पायजे म्हनून केल्याली लढाई. दरवडेखोराला कुनी घरची भाकरी दिती का? खडकुलीनं दिली. गोरगरिबाच्या घरातबी एक भाकरी जास्तीची थापली जायाची आन् सांजच्याला वड्याकाठी करंजाच्या झाडाखाली टोपल्यात पडायची. वरनं मानसं येऊन घिऊन जायाची.

पन खाली यायचं कवा? गावात शिपाई हाय का न्हाई, हे वरल्याला कळायचं कसं? त्येची खूण म्हंजी ह्यो नगारा. भैरोबाला रोज दिवं लागनीला नगारा व्हायचा. वाजला तर वाट मोकळी, खाली या. मुका ऱ्हायला तर वरच थांबा. ही खूण दोघांनाच ठाव. एक सटवाजी सरनाईक, दुसरा नगारा वाजवनारा बाबजी गुरव. बाबजी म्हंजी आमचा मूळपुरुष. मी गुरवच हाय, सांगायचं ऱ्हायलं.

एक दिवस दुपारच्याला गोरा कप्तान पलटन घिऊन गावात आला आन् चावडीत दबा धरून बसला. गावाभाईर कुनी पाय टाकायचा न्हाई, असा हुकूम. आन् त्याच दिवशी सकाळी बाबजीची बायकू ठकू बाळंत झाल्याली. पहिलं पोरगं. आता गुरवाच्या घरात पोर जलमलं की भावकीला सोयर लागतं. दहा दिस देवळात पाय टाकायचा न्हाई, देवाच्या कशालाच शिवायचं न्हाई. तवा बाबजीला वाटलं, देवानंच सोय केली. मला देवळात जाता येत न्हाई, भावकीतल्या कुनाला येत न्हाई, म्हंजी नगारा मुका ऱ्हानार. सरनाईक वरच थांबंल. कुनाला काय सांगायलाबी नको. बाळाचं तोंड बघत त्यो सुकानं बसला, असं आई सांगायची.

पन गावात सोनबा तेली व्हता. म्हातारा, देवभोळा. भैरोबाच्या दिव्याला त्येच्या घान्याचं तेल. त्यो सांजच्याला तेल घिऊन आला आन् बघतो तर देऊळ सुनं. दिवा त्यानंच लावला, पन नगारा न्हाई. म्हाताऱ्याच्या जिवाला लागलं. गुरव सोयरात, म्हनून काय देवानं बिननगाऱ्याचं ऱ्हायचं? त्यानं टिपऱ्या उचलल्या आन् वाजवला नगारा. आयुष्यात पहिल्यांदा वाजवला. कसाबी, येडावाकडा, पन मनापासनं.

बाबजीनं घरात ऐकलं. उठून पळाला. चावडीपाशी शिपायांनी त्याला माघारी ढकलला. तवर वरची मानसं करंजाखाली आली व्हती. बंदुका वाजल्या. सहा मुडदं पडलं. त्यात मालोजी, सरनाईकाचा पाठचा भाऊ.

आता सरनाईकाचा सभाव. मानूस वाघ, पन डोकं म्हंजी वाळलं गवात. मला लोकं तापट म्हंत्यात, तर त्यो माझ्या धा पट. पलटन माघारी गेली तशी त्यानं बाबजीला उचलून डोंगरावर नेला, त्या उंबरापाशी.

"नगारा कुनी वाजवला?"

"मी न्हाई, सरनाईक. मी सोयरात हाय."

"पलटन आली त्याच दिशी बरं तुला सोयर लागलं."

"पोरगं झालं. देवानं दिलं तवा झालं. त्याला काय मी सांगून आनलं का?"

"मग वाजवला कुनी?"

कुनी वाजवला ते बाबजीनं वळखलं व्हतं. सांजच्याला देवळात तेल घिऊन येनारा एकच, आन् त्येची बुधली पायरीवरच ऱ्हायल्याली त्यानं भाईरनं बघितली व्हती. पन नाव घेतलं तर म्हाताऱ्याची मान जायाची. असं सांगत्यात, त्यो येवढंच म्हनला, "ज्यानं वाजवला त्याला काय ठाव नव्हतं. नाव सांगनार न्हाई."

सरनाईकाला वाटलं, गुरव बनाव करतोय. तलवार काढली आन् जाग्यावर वार केला.

मुडदा पालखीसारखा चौघांनी वेशीवर आनून ठिवला. ठकू बाळंतिणीच्या खोलीत. एकाच घरात जलमाचं सोयर आन् मरनाचं सुतक. ज्या हातानं पोरगं पाजायचं त्याच हातानं बांगड्या फोडायच्या. सांगताना हितं आली की आई चुलीतलं लाकूड उगीच म्होरं सारायची.

सोनबा तेल्याला कळलं आपल्या नगाऱ्यानं काय झालं. म्हातारा काठी टेकत एकलाच डोंगर चढला. सरनाईकाच्या म्होरं बसला आन् म्हनला, "मी वाजवला. देवाला उपास पडू नये म्हनून वाजवला. मार आता मला. पन गुरव सोन्यासारखा व्हता."

सरनाईकानं त्याला मारलं न्हाई. मग त्यानं सोनबाकडनं ठकूला सांगावा धाडला. "माझ्या हातनं पाप झालं. सव्वा म्हैना सरून तू भाईर पडशील तवा देवळात जा. मला समूर बघायची तयारी असंल तर नगारा वाजव. मी हत्यार टाकून एकला खाली येतो. भैरोबाच्या पायरीवर मान ठिवतो. उडीव न्हाईतर सोड. न्हाई वाजवलास तर वाजवीस्तवर मी उंबरापाशी बसून ऱ्हातो." आन् त्या दिसापासनं रोज दिवं लागनीला त्यो त्या जागी येऊन बसायला लागला. देवळाकडं तोंड करून.

हे गावात फुटलं. फुटनारच. मग बाळंतिणीच्या दाराशी लोकं यायला लागली. निम्मी म्हनायची, "ठकू, वाजवू नको गं बाई. त्यो खाली आला आन् गोऱ्याला गावला तर लढाईच बुडाली." निम्मी म्हनायची, "लढाई गेली खड्ड्यात. तिचा नवरा परत येनार हाय का?" ठकूचा चुलतदीर नारू, बाबजीचा चुलतभाऊ, त्यो तर उंबऱ्यावर हात आपटून म्हनायचा, "वैनी, वाजवायचाच. बाबजीदादाचं रगात हाय त्येच्या अंगावर." ठकू आत पोराला थोपटत ऱ्हायली. नारूला दम निघाला न्हाई. त्यो उठला आन् कप्तानाला सांगून आला.

वर चढलं की सरनाईक न्हाईसा व्हायचा, म्हनून कप्तानानं तवाच नगारा बडवून घेतला असता, पन नारूनंच सांगितलं, उपेग न्हाई. सव्वा म्हैना सरायच्या आत वाजला तर सरनाईक वळखंल की ह्यो ठकूचा हात न्हाई. एकदा फसलाय त्यो.

माघ वद्य अष्टमीला सव्वा म्हैना भरला. ठकू पोराला दुपट्यात घिऊन देवळात आली. सगळा गाव आल्याला. दीपमाळंच्या मागं शिपाई दडल्यालं, वड्याला शिपाई. गावाला दिसत व्हतं, पन बोलायची सोय नव्हती. आन् डोंगरावर उंबरापाशी मानूस उभा ऱ्हायल्याला हितनं दिसत व्हता. बसत व्हता त्यो त्या दिशी उभा ऱ्हायला.

नगाऱ्याला बाईनं शिवायचं न्हाई, असा रिवाज. त्या दिशी कुनी तिला अडवलं न्हाई. ठकूनं पोराला डाव्या काखंत घेतलं आन् उजव्या हातात टिपरी उचलली. वर धरली. डोंगराकडं बघितलं. मग दीपमाळंकडं बघितलं. आन् टिपरी हळू चामड्यावर आडवी ठिवून दिली. आवाजसुदिक आला न्हाई.

"काय झालं?" नारू म्हनला. "हात भरून आला व्हय? सरक, मी वाजवतो. माझाबी हात गुरवाचाच हाय."

त्यानं टिपरीला हात घातला. आता बाळंतीण भाईर पडली की बाळाच्या दुपट्यात लोखंड ठिवत्यात, वाईट नजर लागू नये म्हनून. आमच्याकडं इळा ठिवत्यात. ठकूनं दुपट्यातला इळा काढला आन् नगाऱ्याच्या ह्या काठापासनं त्या काठापातुर चामडं उभं चिरलं. नारूची टिपरी आत गेली. फट् करून. नगारा मेला.

कप्तान मागनं भाईर आला, लालबुंद. ठकूनं त्येच्याकडं बघितलंबी न्हाई म्हनं. गावाकडं बघून बोलली, "त्यानं माझा मानूस मारला. मी त्याला सोडनार न्हाई. पन ह्यो माझा आन् त्येचा वाद हाय. मधी ह्यो तांबड्या तोंडाचा कोन?"

कप्तानानं तिचं घर जाळलं. गुरवकीची इनाम जमीन काढून घेतली, नारूचीबी घेतली, मग नारूला अक्कल आली. ठकूनं पोरगं ह्या समोरच्या ओवरीत वाढवलं. पोराचं नाव बाबजीच ठिवलं. बापाचं.

वरनं सरनाईकानं बघितलं. आवाज आला न्हाई, धूर तेवढा दिसला. काय झालं ते सोनबानं जाऊन सांगितलं. सरनाईक खाली आला न्हाई. दुसऱ्या वर्साला माघ अष्टमीला त्यानं नवं कातडं कमावून सोनबाच्या खांद्यावर धाडलं आन् इचारलं, "नगाऱ्याला चढवू का?" चढवलं की वाजनार, वाजला की त्यो खाली येनार.

ठकू जात्यावर बसल्याली. जातं न थांबवता म्हनली, "औंदा न्हाई."

सोनबा कातडं घिऊन माघारी निघाला. तवा ती म्हनली, "आबा, जेवून जावा. आन् वरबी भाकरी न्या."

मग दर वर्साला कातडं यायचं. दर वर्साला तेच उत्तर. लढाई चाललीच व्हती. पुढं सरनाईकाचं काय झालं ते कुनी नक्की सांगत न्हाई. सरकारी कागदात फाशी दिली म्हंत्यात. कोकणात उतरला, म्हंत्यात. आमच्या गावात असं सांगत्यात, त्यो त्या उंबरापाशी वाट बघत बसल्या जागीच गेला आन् त्येचा धोंडा झाला. धोंडा त्येच्या आधी तिथं व्हता का न्हाई, हे मला इचारू नका. एका मास्तरानं इचारलं व्हतं, त्येला मी डोंगर चढून धोंड्यालाच इचारायला लावलं.

त्येच्यामागं त्येच्या घरचं कातडं आनायला लागलं. ठकूमागं तिची सून उत्तर द्यायला लागली. सासू सुनंला चूल देती, तिजोरीची किल्ली देती. आमच्या घरात हेबी देती.

माझ्या लहानपनी तात्या सरनाईक यायचे. धिप्पाड मानूस, पायी चालत, खांद्यावर कातड्याची वळकटी. माझी आई सकाळधरनं वाट बघायची, पन ते अंगणात आलं की मुद्दाम पाठ करून भांडी घासायला बसायची. तात्या खाकरायचे. आई घासतच. तात्या म्हनायचे, "वैनी, कातडं आनलंय. चढवू का?" आई म्हनायची, "औंदा न्हाई, भावजी." मग हात धुवायची आन् पानी द्यायची. हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी, वर तूप. दोघं म्हशीच्या वेताचं, पावन्यारावळ्याचं बोलत बसायची सांजपातुर. मला वाटायचं, ह्ये तात्या आमचं सख्खं काकाच हायत. त्या कातड्याचा वास, कमवायच्या वल्या सालीचा आन् हळदीचा, अजून नाकात हाय. आन् ते कातडं वाया जात नव्हतं. खोऱ्यातल्या गावागावांत ढोलाला लागायचं. ह्या खोऱ्यात जत्रंला जो ढोल वाजतो, त्येच्यावरचं चामडं ह्या नगाऱ्यानं नाकारल्यालं असतं. आता तसं ढोल ऱ्हायलं न्हाईत, फायबर आलं. तात्याबी गेले. आईबी गेली.

आता तात्यांचा पोरगा दौलतआबा येतो. गुडघं गेल्यात, फटफटीवर मागं बसून येतो. पन येतो.

मागल्या माघात काय झालं ते सांगतो आन् सोडतो तुमाला. तालुक्याची समिती आली. मांडव, माईक, फेटं. म्हनली, सरनाईकाचा पुतळा बसवायचा आन् त्या दिशी नगारा चढवून वाजवायचा, पुढारी येनार हाय. तर आमच्याच भावकीतली पोरं दुसऱ्या बाजूनं उभी. म्हनली, खुन्याचा पुतळा कसा बसवता तेच बघतो. दोन्हीकडनं मोबाईल वर. एक पोरगं माझ्यावरच आलं, "आबा, तुमी कुनाच्या बाजूचं?"

मी म्हनलं, "त्यानं माझ्या मूळपुरुषाचा मुडदा पाडला. आन् त्येच्यासारखा मर्द ह्या खोऱ्यात परत झाला न्हाई. मी दोन्ही म्हंतो. तुला जड जात असंल तर तू एक घे आन् घरी जा."

पन माझ्या बोलन्याला काय किंमत. उत्तर द्यायचं माझ्या सुनंनं. सुवर्णा तिचं नाव. बारावी शिकल्याली, लगीन होऊन वरीस झालं नव्हतं. माझी मंडळी त्येच्या आदल्या दिवाळीत गेली, तवा ह्यो सुनंचा पहिला माघ. तिला कुनी शिकवायला उरलं नव्हतं. मी चुलीम्होरं ऐकल्यालं तेवढं तिला सांगितलं व्हतं, पन पुरुषाच्या तोंडनं गोष्ट म्हंजी आळणी भाजी. समितीच्या मानसानं तिच्या तोंडाशी माईक धरला. "ताई, आज इतिहास घडवा. फक्त हो म्हना." भावकीची पोरं मागनं वरडली, "वैनी, तोंडावर थुका, कातडं पेटवून द्या." मला वाटलं, गेलं. दोनशे वर्साचं आज माईकवर गेलं.

तवर दौलतआबा फटफटीवरनं उतरला. गर्दीतनं काठी टेकत आला. खांद्यावर वळकटी. त्याला माईकबी दिसला न्हाई आन् समितीबी. सुनंच्या म्होरं उभा ऱ्हायला, दम खाल्ला आन् म्हनला, "सूनबाई, कातडं आनलंय. चढवू का?"

सुवर्णानं माईक हातानं बाजूला सारला. डोक्यावरचा पदर नीट केला.

"औंदा न्हाई, आबा," म्हनली. "चला, जेवून घ्या. माडगं गार व्हतंय."

दौलतआबाचं डोळं भरलं. 'न्हाई' ऐकून कुनाचं डोळं असं भरल्यालं मी बघितलं न्हाई. तिचा हात धरून घराकडं गेला. मांडववाले तसंच उभे. पुतळा अजून तालुक्याच्या गोदामात गोनपाटात गुंडाळल्याला हाय.

आजही माघ वद्य अष्टमीला सरनाईकाच्या घरचं कातडं ह्या पायरीवर येतं आन् ह्या घरची सून त्याला माघारी लावती, जेवू घालून. आजही खडकुलीत भैरोबाची सांज मुकी जाती. नुसता दिवा, सोनबाच्या घरच्या तेलाचा. दिवं लागनीला थांबलात तर बघाल, गाव घटकाभर गप व्हतं आन् त्या धोंड्याकडं बघतं. शिव्या देनारंबी बघत्यात.

कवा एखादी सून 'चढवा' म्हनंल का, मला ठाव न्हाई. इचारायचा मला हक न्हाई. टिपऱ्या हायत. ह्या बघा, ह्या कोनाड्यात. ठकूनं ठिवली ती हीच, शिसवी लाकूड हाय. किडा लागू नये म्हनून दर दसऱ्याला मी तेल लावून ठिवतो.

बघितल्या ना? द्या हिकडं.